हळव्या तोंडाच्या घोड्यासाठी बिट निवडताना

लगाम हातात घेताच मान झटकणं, तोंड आ वासून धरणं, जीभ बिटच्या (लगामाला जोडलेल्या, घोड्याच्या तोंडात बसणाऱ्या आडव्या दांडीच्या) वरून काढणं, दात करकर वाजवणं, नाहीतर बिट समोर दिसताच डोकं हाताबाहेर उंच नेणं. अशी लक्षणं दिसली की नवा घोडेमालक आधी दुकान गाठतो आणि ‘सगळ्यात मऊ बिट द्या’ म्हणतो. रबराचं जाडजूड बिट पागेत येतं. चार दिवस बरे जातात, कारण नव्या वस्तूमुळे घोडा जरा बावचळलेला असतो आणि त्यालाच आपण सुधारणा समजतो. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मुळात मऊ बिट अशी काही वेगळी वस्तू नसते. एका घोड्याला मानवलेलं बिट शेजारच्या ठाणावरच्या घोड्याला जाच ठरू शकतं. कोणाची जीभ जाड, कोणाचा टाळू खोलगट, कोणाच्या हिरडीला धार. म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: आधी तोंड, मग माप, मग आकार आणि दुकान सगळ्यात शेवटी. घाई असली तरी पहिली पायरी गाळू नका. बाकीच्या पायऱ्या तिच्याशिवाय निव्वळ अंदाज ठरतात.

बिट बसतं कुठे?

घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना बिनदातांची मोकळी हिरडी असते. स्वार तिला बार म्हणतात. बिटची जागा ही. खालच्या जबड्यातली ही हिरडी म्हणजे हाडाची कड आणि तिच्यावर पातळशी त्वचा, मध्ये मांसाची गादी जवळजवळ नाहीच. स्वतःच्या नडगीवर बोट दाबून पाहिलंत की तिथल्या दाबाची कल्पना येईल. नर घोड्यांना याच पट्ट्यात सुळेही असतात. घोडींमध्ये ते नसतात किंवा अगदी छोटे असतात.

दुसरी गोष्ट जिभेची. चित्रांत घोड्याच्या तोंडात ऐसपैस पोकळी दिसते, प्रत्यक्षात मिटलेल्या तोंडात मोकळी जागा फारशी उरत नाही. जीभ टाळूपर्यंत भरलेली असते. हिलरी क्लेटन यांनी १९८० च्या दशकापासून क्ष-किरण चित्रण वापरून बिट तोंडात नेमकं कसं बसतं आणि घोडा त्याचं काय करतो याचा अभ्यास केला. घोडा जिभेने बिट उचलतो, ढकलतो, दाढांमध्येही पकडतो. म्हणजे कोणतंही बिट घातलं तरी ते जिभेवर टेकणारच. तो भार ती सोसते कशी आणि तिला हलायला वाव किती राहतो, एवढाच प्रश्न उरतो.

पहिली पायरी: दुखतंय कुठे ते शोधा

दात पाहणाऱ्या पशुवैद्याला बोलवा. बिटबद्दलच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असं माझं मत आहे. वरच्या दाढा बाहेरच्या कडेला धारदार होतात आणि गालाच्या आतून जखमा करतात. लगाम खेचला किंवा नोजबँड (नाकाभोवतीचा पट्टा) आवळला की गाल त्या धारेवर दाबला जातो. घोडा तोंड उघडतो आणि आपण बिटला नावं ठेवतो. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढे काही घोड्यांना वुल्फ टूथ नावाचा खुजा दात असतो. तो कधी अर्धवट फुटलेला, कधी हिरडीखालीच दडलेला. बिट त्याच्यावर आपटलं की घोडा दचकून मान फेकतो. हा दात काढायचा की ठेवायचा ते वैद्याला ठरवू द्या.

घोडा तरुण असेल तर वय लक्षात घ्या. साधारण अडीच ते पाच वर्षांच्या दरम्यान दुधाचे दात पडून कायमचे येत असतात आणि हिरड्या अधूनमधून सुजतात. या काळात एखादा पंधरवडा घोडा बिट नको म्हणाला तर त्याच्यावर नवनवीन बिटांचे प्रयोग करू नका. त्याला बिटविना काम द्या.

बाहेरून रक्त दिसत नाही म्हणजे आत सगळं ठीक, हा समज घातक आहे. फिनलंडमध्ये शर्यतीनंतर २६१ ट्रॉटर (दुडकीच्या शर्यतीत गाडी ओढणाऱ्या) घोड्यांची तोंडं तपासली गेली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८४ टक्के घोड्यांना बिटच्या जागेत ताज्या जखमा आढळल्या आणि तोंडाबाहेर रक्त दिसलेले घोडे मात्र अगदी थोडे होते. शर्यतीचे घोडे आणि तुमचा रपेटीचा घोडा यांत फरक आहे, पण धडा लागू आहे: आत पाहिल्याशिवाय काही कळत नाही.

वैद्य येऊन गेल्यावर तुम्ही स्वतःही पाहायला शिका. घोड्याला मोरखी घालून कोणाला तरी धरायला सांगा आणि बाजूला उभे राहा, समोर नको. आधी तोंड मिटलेलंच ठेवून ओठ हलकेच बाजूला करा. दातांच्या मधल्या जागेतून जीभ बाहेर फुगून आलेली दिसते का? दिसली तर हा घोडा जाड जिभेचा. मग अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून बिनदातांच्या जागेत सरकवा. बहुतेक घोडे तेवढ्यावर तोंड उघडतात. खालच्या हिरडीवरून बोट फिरवा. कड रुंद आणि गोलसर लागते की अरुंद आणि धारेसारखी? एखादी गाठ, खडबडीत जागा? बोट ठेवताच घोडा मान खेचतो का, आणि दोन्ही बाजूंना सारखाच की एकाच? ओठांचे कोपरे बाहेरून आणि आतून पाहा. तिथली गुलाबी चीर, पांढरा व्रण किंवा घट्टा बरंच काही सांगून जातो. बोट दाढांकडे मात्र नेऊ नका, घोड्याची दाढ बोट तोडू शकते. दिसलेलं सगळं वहीत लिहून ठेवा, पुढच्या पायऱ्यांना तीच वही लागणार आहे.

तोंड निर्दोष निघालं तर? खोगीर पाठीला टोचत असेल, पाठ दुखत असेल, कपाळपट्टी आखूड असल्यामुळे डोक्यावरचा पट्टा कानांच्या मुळाशी रुतत असेल, तरी घोडा तक्रार तोंडानेच करतो. आणि स्वाराचा हात. दुडकीत तोल सांभाळायला लगामाचा आधार घेणारा हात कोणत्याही बिटला कठोर करून टाकतो. खात्री करायची साधी युक्ती: लगाम सोडून, फक्त मोरखीवर, घोडा लांब दोरीने गोल फिरवा. मान शांत राहिली तर खोगीर चढवून फिरवा. मग बिट घालून, लगाम न जोडता. तक्रार नेमकी कोणत्या टप्प्यावर सुरू होते ते पाहा. शेवटच्या टप्प्यापर्यंत शांत राहून स्वार चढताच मान झटकणाऱ्या घोड्याला नवं बिट नको. त्याच्या स्वाराला काही दिवस लगाम न धरता बसण्याचा सराव हवा.

दुसरी पायरी: माप

रुंदीसाठी बोटाएवढी जाड गुळगुळीत लाकडी काडी घ्या. बिट जिथे बसेल तिथे ती तोंडात आडवी धरा आणि दोन्ही ओठांच्या कडेला खूण करा. दोरीनेही चालतं, फक्त ती ताठ धरायला हवी. या दोन खुणांमधल्या अंतरात सुटी कडी (लगाम अडकवायची, दांडीच्या भोकातून फिरणारी) असलेल्या बिटसाठी साधारण अर्धा सेंटीमीटर वाढवा. कडी पक्की असेल तर त्याहून कमी, जेमतेम ओठाला न दाबण्याइतकं. बिटची रुंदी दोन कड्यांच्या आतल्या बाजूंमध्ये, बिट सरळ ताणून मोजतात. मध्यम बांध्याच्या घोड्याला अनेकदा साडेबारा ते साडेतेरा सेंटीमीटरचं लागतं, पण अंदाजाने आणू नका. अंगाने थोराड घोड्याचं तोंड अरुंद असू शकतं.

अरुंद बिट ओठ चिमटतं हे सगळ्यांना कळतं. रुंद बिटचा त्रास उशिरा कळतो. ते तोंडात डावी-उजवीकडे सरकत राहतं, मधला सांधा मध्यावर राहत नाही आणि एकाच बाजूच्या हिरडीवर दाब येतो. ‘जरा सैल असलेलं बरं’ ही खोगिराखालच्या घोंगडीची गोष्ट असेल, बिटची नाही.

जाडीबाबत जुना समज आहे की बिट जितकं जाड तितकं सौम्य. जाड दांडीमुळे दाब पसरतो, इथपर्यंत ते खरं. पण जागाच नाही तिथे जाड दांडी गेली तर जीभ दबलेली राहते आणि घोड्याला तोंड मिटता येत नाही. पहिल्या पायरीत जीभ बाहेर फुगलेली दिसली असेल तर १४ ते १६ मिलिमीटर जाडीपासून सुरुवात करा. १८ च्या पुढे जाण्याची गरज क्वचित पडते. उलट टोकाला गेलेलं तारेसारखं बारीक, पिळाचं किंवा दात्यांचं बिट हळव्या तोंडात कधीही नको.

तिसरी पायरी: आकार

आता वही उघडा. कोणत्या बिटने काय होतं हे पाठ करण्यापेक्षा आपल्या घोड्याला कुठे दाब नको आहे तिथून सुरुवात केलेली बरी.

हिरडीची कड धारेसारखी असेल किंवा तिथे जुनी जखम असेल, तर दाब जिभेकडे वळवावा लागतो. यासाठी हलका बाक दिलेलं, सांधा नसलेलं अखंड बिट (याला मलन माउथ म्हणतात) बऱ्याचदा चांगलं चालतं. ते तोंडात स्थिर राहतं, कुठे दुमडत नाही, चिमटत नाही. उणीव एवढीच की डाव्या आणि उजव्या हाताचा इशारा वेगवेगळा पोहोचत नाही. वळायला शिकणाऱ्या घोड्याला ते जरा गुळमुळीत वाटतं.

जीभ जाड असेल किंवा घोडा जीभ बिटवरून काढत असेल, तर अखंड सरळ दांडी त्याला नकोशी होते. इथे दोन सांध्यांचं, मधे छोटा गुळगुळीत मणी किंवा बदामी तुकडा असलेलं बिट पाहा. त्याच्या दोन्ही दांड्या जिभेभोवती वळतात. यानेही भागलं नाही तर मधोमध बुटकी कमान असलेलं बिट, म्हणजे जिभेला खाली वाव मिळतो. कमान उंच नको, ती टाळूला लागते. जीभ बाहेर काढणाऱ्या घोड्याची जीभ पट्टीने बांधून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दुखणं तसंच राहतं, फक्त दिसेनासं होतं.

एका सांध्याचं साधं स्नॅफल (तरफेच्या दांड्या नसलेलं, लगाम थेट कड्यांना जोडलेलं बिट) सर्वात जास्त खपतं आणि कित्येक घोड्यांना ते चालतंही. पण लगाम ताणला की ते मधे दुमडतं आणि दाब जिभेच्या कडा, हिरड्या व ओठांच्या कोपऱ्यांवर जातो. तुमच्या घोड्याचं दुखणं नेमकं तिथेच असेल तर ते बाजूला ठेवा.

दोन सांध्यांच्या बिटांत एक फसवी जोडी आहे. फ्रेंच लिंकमध्ये मधली चपटी पट्टी जिभेवर सपाट लोळते. डॉक्टर ब्रिस्टलमध्ये तशीच दिसणारी पट्टी तिरपी बसवलेली असते, त्यामुळे ताण येताच तिची कड जिभेत रुतते. दुकानात टांगलेली दोन्ही सारखीच दिसतात. बिट दोन्ही हातांनी ताणून, घोड्याच्या तोंडात बसेल तसं धरा, डोळे मिटा आणि अंगठा पट्टीवरून फिरवा. सपाट भाग लागला तर ठीक, कड लागली तर परत टांगून ठेवा. हीच वेळ आहे सांध्यांजवळ नख फिरवून पाहण्याची. नख अडकलं तिथे ओठही अडकणार. मग बिट स्वतःच्या उघड्या हातावर, मनगटाच्या वर आडवं ठेवून कोणाला तरी कड्या हलकेच खेचायला सांगा. यातून घोड्याचं तोंड कळत नाही, पण चिमटा आणि टोचणारा सांधा नक्की कळतो.

ओठांचे कोपरे सोललेले असतील तर कड्यांकडे लक्ष द्या. सुट्या गोल कड्या दांडीच्या भोकातून फिरतात आणि भोक झिजलेलं असेल तर ओठाची कातडी आत ओढतात. अंडाकृती पक्क्या कड्या किंवा डी-आकाराच्या कड्या इथे बऱ्या. त्यांनी बिट शांतही राहतं. लगामाच्या बारीक थरथरीनेही वैतागणाऱ्या घोड्यांना ही शांतता आवडते. सुटी कडी उलट अशा घोड्यासाठी, जो बिटवर भार टाकून ओणवा पडतो. हळव्या तोंडाचे घोडे सहसा तसं करत नाहीत. ते बिटपासून पळतात, हनुवटी छातीकडे घेऊन लगाम ढिला पाडतात. बघणाऱ्याला ती डौलदार मान वाटते आणि स्वाराला ‘हलक्या तोंडाचा घोडा’ मिळाल्याचा आनंद होतो. तो आनंद फसवा आहे.

धातूबद्दल थोडक्यात. स्टेनलेस स्टील टिकाऊ, गुळगुळीत, बेचव. स्वीट आयर्न गंजतं आणि त्या चवीने लाळ सुटते असं मानतात. तांबं मऊ असल्याने झिजून धारदार होतं. रबर आणि प्लॅस्टिक थंडीत गार लागत नाहीत, पण कोरड्या तोंडात रबर ओठांना घासतं, शिवाय ते जाड असतं. घोड्याला काय रुचतं हे घोडाच सांगेल. आकार जमला नसेल तर धातू बदलून काही साधत नाही, आणि विक्रेते मात्र सर्वाधिक वेळ धातूवरच बोलतात.

चौथी पायरी: बसवणं

‘ओठाच्या कोपऱ्याला दोन सुरकुत्या पडायला हव्यात’ हा नियम सगळीकडे ऐकू येतो. मांसल ओठाला एकही सुरकुती न पडता बिट योग्य जागी असू शकतं आणि पातळ ओठाला दोन पडूनही ते खाली असू शकतं. म्हणून सुरकुत्यांऐवजी आत पाहा: बिट सुळ्यांना लागत नाही ना, दाढांना भिडत नाही ना, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर आहे ना. सुरुवात ओठाला नुसता स्पर्श होईल इतक्यावर करा आणि मग एकेक छिद्र वर-खाली करून पाहा. अखंड बिट सांध्याच्या बिटपेक्षा किंचित खाली बसवलेलं चालतं. घोडा जिभेने बिट सतत उचलून धरत असेल तर ते त्याला खाली वाटतंय.

नोजबँड सैल ठेवा. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत हा नियम नाकाच्या हाडावर, वरच्या बाजूने लावायचा असतो. गालाजवळच्या मऊ जागेत बोटं घालून पट्टा सैल असल्याचं समाधान मानू नका. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०२५ पासून स्पर्धांत हे अंतर मोजायला ठरावीक मापक आणला, तो बोटांच्या जाडीवरून होणारे वाद संपावेत म्हणूनच. शिकाऊ स्वाराने नव्या बिटची पारख करताना नोजबँड काढूनच ठेवावा, असं मी सुचवेन. घोड्याला तोंड उघडता आलं तरच तो ते का उघडतोय हे तुम्हाला कळेल.

पाचवी पायरी: पारख

नवं बिट घालून पहिल्याच दिवशी स्वारी करू नका. बिट घाला, लगाम जोडू नका, दहा मिनिटं घोडा ठाणावर उभा ठेवा आणि बाजूला बसून पाहा. सुरुवातीला तो चघळेल, जीभ फिरवेल. ते चालतं. हळूहळू जबडा शांत झाला, ओठांवर थोडा ओलसर फेस आला, कान सैल पडले, की पुढे जा. तोंडातून लाळेची धार लागली तर ती चांगली खूण नव्हे, घोड्याला गिळता येत नाहीये. जबडा गच्च आणि ओठ कोरडे असतील तर तेही वाईटच.

मग जमिनीवर उभं राहूनच एका बाजूचा लगाम बोटांनी हलकेच आवळा, खेचू नका. घोड्याने मान किंचित त्या बाजूला दिली की त्या क्षणी सोडा. दुसऱ्या बाजूने तेच करा. इथे तो शांत असेल तरच वर बसा, आणि पहिल्या रपेटी ओळखीच्या जागी, चालीत आणि थोड्या दुडकीत करा. नवं बिट, नवा नोजबँड आणि नवं खोगीर एकाच आठवड्यात आणू नका. फरक पडला तरी कशामुळे ते कळणार नाही. उतरल्यावर दर वेळी ओठांचे कोपरे आणि हिरडी पाहा आणि वहीत नोंद करा. दोन-तीन आठवडे घोड्याने बिट आपणहून तोंडात घेतलं आणि आत कुठे लाल जागा नसली, तर बिट जमलं.

शक्य असेल तर विकत घेण्याआधी ओळखीच्या पागेतून बिट उसनं आणा. निर्जंतुक करून वापरलं म्हणजे झालं.

पेलम, गॅग आणि बिटविना

घोडा थांबत नाही म्हणून कोणी पेलम, किंबलविक किंवा गॅग सुचवेल. पेलम आणि किंबलविकमध्ये तरफेचं तत्त्व आणि हनुवटीखाली साखळी असते. खालची दांडी वरच्यापेक्षा जितकी लांब, तितका हाताचा ताण वाढून तोंडापर्यंत पोहोचतो, दुपटी-तिपटीने सहज. गॅगमध्ये बिट वर सरकून ओठांचे कोपरे आणि डोक्यावरचा पट्टा एकाच वेळी ताणले जातात. मुरलेल्या हाताचे स्वार ही बिटं नाजूकपणे वापरतात, यात शंका नाही. नव्याने शिकणाऱ्याच्या हातात आणि हळव्या तोंडात यांतलं एकही नको.

बिट काढूनच टाकावं का? हिरडीवर जखम असेल तर ती भरेपर्यंत नक्कीच. साइडपुल, म्हणजे नाकपट्ट्याच्या दोन्ही बाजूंना लगाम जोडलेली मोरखी, हा साधा आणि सौम्य पर्याय आहे. मेकॅनिकल हॅकमोअर (नाकावरच्या पट्ट्याने आणि तरफेने काम करणारा बिटविना लगाम) मात्र केवळ बिट नाही म्हणून सौम्य ठरत नाही. त्यालाही लांब दांड्या असतात आणि नाकाचं हाड खालच्या टोकाला अगदी पातळ असतं. तो पट्टा नाकपुड्यांच्या जवळ उतरला तर श्वासालाही अडथळा होतो. स्पर्धेत उतरायचं असेल तर आधी तिथले नियम वाचा, कारण ड्रेसाजच्या (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या) अनेक स्पर्धांत बिट लागतंच आणि कोणती बिटं चालतात याची यादी ठरलेली असते.

निगा

काम झालं की बिट लगेच साध्या पाण्यात धुवा. वाळलेली लाळ आणि चाऱ्याचे कण खरखरीत कवच धरतात आणि दुसऱ्या दिवशी तेच ओठांना घासतं. धातूला चकाकी आणणारं पॉलिश तोंडात जाणाऱ्या भागाला लावू नका. थंडीत बिट घालण्याआधी मिनिटभर मुठीत धरा किंवा कोमट पाण्यात बुडवा. महिन्यातून एकदा सांधे आणि कड्यांची भोकं बोटाने चाचपा. रबरावर दाताचा चिरा, तांब्यावर धार, कडीच्या भोकात खाच, यांतलं काहीही लागलं तर ते बिट त्याच दिवशी बाद करा. घासून गुळगुळीत करायच्या भानगडीत पडू नका, कारण घासलेली कड बोटाला मऊ लागली तरी तिथली जाडी कमी झालेली असते आणि सांधा लवकर तुटतो.